गायरानातलं ग्राउंड

कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात, एका मराठी बोलणाऱ्या गावात मी सरकारी हायस्कुलाचा पीटी मास्तर आहे. गाव माझंच. गेली सोळा वर्षं याच गावात शिट्टी फुंकतोय, आणि त्यातली पहिली तेरा वर्षं शाळेला ग्राउंडच नव्हतं.

होतं ते शाळेपुढचं अंगण. एका बाजूला बोअर, दुसऱ्या बाजूला दुपारच्या जेवणाची खोली. खो-खोचे खांब रोवले की तांदळाची गाडी आत यायची नाही, आणि गाडी आली की खांब उपटायचे. मग मूग-उडीद निघाला की कुणाच्या तरी हातापाया पडून त्याच्या रिकाम्या रानात पोरं पळवायची. ज्वारी पेरली की आमचा खेळ बंद. तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या मुली सरळ पळताना सगळ्यांच्या पुढं असत, आणि वळण आलं की गडबडत. वळणावर त्या जन्मात पळालेल्या नव्हत्या. एक जण तर तशीच सरळ पळत प्रेक्षकांत शिरली. लोक पोट धरून हसले. मला राग आला, आणि माझा राग गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा सरकारची योजना कानावर आली, की पंचायतीनं जागा दाखवायची, रोजगार हमीच्या जॉब कार्डवाल्यांकडून ती सपाट करून घ्यायची, आणि खांब, जाळी, व्यायामाची यंत्रं क्रीडा खात्यानं द्यायची. मी अर्ज घेऊन बिदरला इतक्या खेपा घातल्या, की तिथल्या शिपायानं एकदा विचारलं, "सर, तुमची बदली हिकडंच झाली का?" क्रीडा खात्याचा साहेब भला माणूस होता. त्याची अट एकच होती. सरकारी, सलग, मोकळी दोन एकर जमीन दाखवा, बाकी माझ्यावर सोडा.

आमच्या गावात अशी जमीन एकच होती. ओढ्यापलीकडचं वरचं गायरान. लाल मुरमाड चढ, तरवडाची झुडपं, चार बाभळी. खालचं गायरान लोकांनी केव्हाच वाटून खाल्लं होतं, पण वरच्याला कुणी बोट लावलं नव्हतं. का लावलं नव्हतं ते मला माहीत होतं.

माझी पहिली मुलगी आठव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नावही नव्हतं. एवढ्या लहान जिवाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. दुपारी मी आणि माझे चुलते तिला घेऊन वरच्या गायरानात गेलो. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली होती, आणि वजन म्हणाल तर काहीच नाही. एका तरवडाच्या बुडाशी चुलत्यांनी खड्डा घेतला, मीठ घातलं, वर दगड आणि बोरीच्या काट्या रचल्या. "आता मागं बगू नको," चुलते म्हणाले. "आन कुटं ठेवलं ते तिला सांगू नको. आईला जागा कळली की तिचा पाय सारखा तिकडंच वळतंय."

असा आमचा रिवाज. बायकांनी जायचं नाही, बापानं सांगायचं नाही. दुसऱ्या बापालाही सांगायचं नाही. मी ओल्या बाळंतिणीपुढं जाऊन बसलो. तिनं एकदाच विचारलं, "कुटं?" मी म्हणालो, "वर." तिनं पुन्हा विचारलं नाही. चुलते दोन वर्षांत गेले. आता ते तरवडाचं झुडूप ओळखणारा मी एकटाच उरलो होतो, आणि खरं सांगतो, त्या झुडपावर माझा जीव होता. गाडीवरून औरादला जाताना ओढ्याच्या पुलावर माझी मान आपोआप तिकडं वळायची.

तरीही मीच ती जागा दाखवली. मनाशी हिशेब केला, दोन एकरांत सुपाएवढी जागा, ती कोपऱ्यात सोडून ग्राउंड आखता येईल. लेकरं तिथं पूर्वी पुरायचे हे ऐकून होतो. पण आता दवाखाने झाले, जीप झाल्या, माझ्यासारखा दुसरा अभागी कोण असणार, असं मी धरून चाललो.

ग्रामसभा झाली. पंचायतीच्या अधिकाऱ्यानं कन्नडात ठराव वाचला आणि विचारलं, जागा मोकळी आहे ना? कुणाची हरकत? हॉलमध्ये पन्नासेक पुरुष होते. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मला वाटलं, ऊन फार म्हणून पेंगतायत. मी पहिला हात वर केला. मग एकेक करत सगळे हात वर आले. "मोकळीच हाय की," कुणीतरी म्हणालं, आणि ठराव लिहिला गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात गावातले एक किराणा दुकानदार शाळेत आले. वयानं माझ्याहून मोठे, मी त्यांना अण्णा म्हणतो. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "सर, ती मधली बाभळ हाय न्हवं, तितं खांदू नका. सापाचं बीळ हाय."

मी हसलो. म्हणालो, "अण्णा, साप निघाला तर त्यालाच पळण्याच्या शर्यतीत घेतो." ते हसले नाहीत.

दोन दिवसांनी मेंढरं विकून आता मजुरीवर जाणारा एक जण वाटेत आडवा आला. हातातली काठी या हातातून त्या हातात करत म्हणाला, "ओढ्याकडच्या अंगाला खड्डा घेऊ नका, सर. पानी धरतंय."

"चढावर पाणी कसं धरेल?"

"धरतंय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मग तो निघून गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारण त्याच सकाळी मी तालुक्याच्या इंजिनियरला सांगितलं होतं, की त्या तरवडाच्या खाली कातळ आहे, तिथं नका खणू. ग्रामसभेत वर आलेले ते हात मला आठवले. किती जणांचं लेकरू तिथं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की आपण एकटेच. आपण बोललो तर सगळ्यांपुढं, आणि उद्या घरी बायकोपुढं, ती जागा उघडी करावी लागेल. सापाची, पाण्याची, कातळाची सोंगं त्यापेक्षा सोपी होती. तरीही मी कुणाजवळ तोंड उघडलं नाही. लोकांचं सोडा, मी तर शिकलेला.

मी फक्त नकाशा बदलायला बसलो. बाभळ सोडली, ओढ्याकडचं अंग सोडलं, माझा तरवड सोडला. पळायची वाट अशी वाकडीतिकडी काढली, की इंजिनियर कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्तर, हे ग्राउंड आहे का चुकलेली नांगरट?" त्याचंही खरं होतं. मंजूर नकाशाप्रमाणे काम झालं नाही तर खांब नाही, जाळी नाही, काहीच नाही. मी म्हणालो, बघू, स्पर्धेहून परत आलो की बसून ठरवू. आणि मुलींना घेऊन दोन दिवस हुमनाबादला गेलो.

परतलो तेव्हा बस ओढ्याच्या पुलावर आली आणि माझी मान नेहमीसारखी वळली. गायरान नव्हतं. लाल, सपाट, ताटासारखी जमीन होती. पंचायतीनं माणसांऐवजी यंत्र आणून दीड दिवसात सगळं उरकलं होतं. बसमधल्या मुली उभ्या राहून ओरडायला लागल्या, "सर, ग्राउंड! सर, आपलं ग्राउंड!" मी खिडकीचा गज धरून बसून राहिलो.

संध्याकाळी तिथं गेलो. किराणेवाले अण्णा कडेला उभे होते. मी विचारलं, "यंत्र आलं तवा तुम्ही होताव?"

"होतो. समदेच होते."

"मग थांबवायचं तरी."

"काय म्हनून थांबवायचं, सर?" ते म्हणाले. "साप हाय म्हनून?"

मी पुलाकडं पाठ करून पावलं मोजली, बांधापासून मोजली, विजेच्या खांबापासून मोजली. दर वेळी जागा वेगळी येत होती. ना दगड, ना काट्या, ना ते झुडूप. तेरा वर्षांची मुलं एका कोपऱ्यात आताच क्रिकेट खेळायला लागली होती. माझी मुलगी दहा वर्षं जिथं होती तिथून मी तिला हरवलं होतं, ते माझ्याच अर्जानं, माझ्याच सहीनं. मला ओरडावंसं वाटलं. मी शिट्टी काढली आणि मुलांना घरी पिटाळलं.

ग्राउंड झालं आणि नावं ठेवायला जागा नाही. फीत कापायला मोठी माणसं आली, कन्नडात पाटी लागली. कडेनं चालायची वाट झाली, व्यायामाची निळी-पिवळी यंत्रं आली, पाण्याची टाकी बसली. पुढच्याच वर्षी आमच्या मुली वळणावर कुणाला ऐकेनात. एकीला सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळाली. तिचा बाप माझ्या पाया पडायला आला, मी त्याला वरच्यावर धरलं. ज्या बायका कधी घराबाहेर विनाकामाच्या पडल्या नव्हत्या त्या सकाळी पदर खोचून चालायला येऊ लागल्या. सरकारनं दिलं ते खरंच दिलं. मी कुणाला दोष देऊ?

पण मला तिथं भीती वाटते. लपवायचं कशाला? सकाळी पोरांची रांग उभी केली की मी मोजतो आणि एक जास्त येतो. पुन्हा मोजतो, बरोबर येतो. मुली उघड्या पायांनी पळत जातात, मुरमावर धप धप आवाज होतो, आणि तो आवाज मला खालून आल्यासारखा वाटतो. कबड्डीची रेघ मारायला चुन्याची फक्की घेऊन वाकलो की हात थबकतो, इथं तर नाही? रेघ वाकडी येते. पोरं आपसांत म्हणतात, सरांना आता दिसत नाही.

यंदा जूनमध्ये आठवीचं नवं हजेरीपुस्तक मी घरी आणलं होतं. बायकोनं ते उघडलं, मुलींच्या नावांवरून बोट फिरवलं, आणि मिटलं. आमचा मुलगा तिसरीत आहे, त्याचा डबा भरता भरता ती म्हणाली, "यंदा आठवीत आली असती. तुमच्या हाताखाली."

मी हो म्हणालो. माझ्या लक्षात नव्हतं असं तिला वाटलं असेल तर ते खोटं.

"तेरा वर्सं मी इचारले न्हाई," ती म्हणाली. "आता सांगा. रोज सकाळी मी तितंच चालायलेय. कुटं ठेवलाव तिला?"

मला खरं सांगायचं होतं. मला माहीत नाही, मी तिला हरवलं, एवढंच. तिचा चेहरा बघितला आणि म्हणालो, उद्या दाखवतो. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन ग्राउंडवर गेलो आणि पाण्याच्या टाकीमागचा कुंपणाचा कोपरा दाखवला. तिथं कुठला खेळ येत नाही, चेंडूसुद्धा क्वचित जातो. चार तगरीची झुडपं आहेत. "इथं," मी म्हणालो.

ती खाली बसली. मातीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. उठली तेव्हा तिच्या तोंडावर असा निवांतपणा होता, की मला त्या खोट्याचं वाईट वाटेना. त्या दिवसापासून चालून झालं की ती टाकीमागं जाऊन थोडं बसायची आणि घरी यायची. घरात हसू लागली. मीही महिनाभर बरा झोपलो. सुटलो, असं वाटलं.

श्रावणात एकदा मुलींचा सराव घेताना बघितलं तर टाकीमागं ती एकटी नव्हती. किराणेवाल्या अण्णांची बायको, आमच्या अक्का, तिच्या शेजारी बसल्या होत्या. आठवड्यानं त्या मजुरी करणाऱ्याची बायकोही दिसली. तिघी मातीवर हात ठेवून बसल्या होत्या. मी शिट्टी फुंकायची विसरलो, मुली पळतच राहिल्या.

दुपारी जेवताना बायकोनं भाकरी वाढली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अक्काला बी त्येंच्या मालकानं टाकीमागलीच जागा दाखवलीया. तिसरीला बी."

मी ताट बाजूला सारलं.

"आमी काय बोललाव न्हाई एकमेकीला," ती म्हणाली. "समजलं आमाला. तुमी जेवा. आमी तितंच बसनार हाव. दुसरं कुटं बसावं?"