साध्या काचेतून दिसलेला डाग

आधीच सांगून टाकते, मी उपास करत नाही, अंगारा लावत नाही आणि या सदरातले अनुभव आजवर हसण्यासाठीच वाचत आले. कुणाला विहिरीपाशी बाई दिसते, कुणाला गाडीच्या आरशात कोणी बसलेलं... मी दातांची डॉक्टर. मला दिसते ती कीड आणि दातावर साचलेला थर. तरी लिहितेय, कारण एक गोष्ट आत सडून राहिली आहे, आणि घरी ती बोलायची सोय नाही.

मी मलकापूरची, जिल्हा बुलढाणा. बाबा तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवायचे. घर कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या गल्लीत. हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर कापसाचे तंतू येऊन बसायचे. आमच्या भागात पाहुणा आला की चहाच्या आधी खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, पुडी पुढे होते. बाबांनी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. पुडी मागे सारायचे आणि वर भाषण द्यायचे. लोक कंटाळायचे. पण तेच बाबा वर्गात कविता म्हणायला लागले की शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प व्हायची.

मी तेव्हा फायनल इयरला होते. कॉलेज रेल्वेने काही तासांवर. बॅचमध्ये सगळ्यांचं लूप्स घेणं चाललं होतं. लूप्स म्हणजे चष्म्याच्या काचांत बसवलेल्या दोन बारक्या दुर्बिणी. त्या लावल्या की दात मोठा दिसतो आणि मान मोडेस्तोवर वाकावं लागत नाही. कुठले घ्यायचे यावर हॉस्टेलमध्ये लग्नाच्या स्थळासारखी चर्चा व्हायची. अडीच पट की साडेतीन पट? अडीचमध्ये बरंचसं तोंड एकदम दिसतं, सवय पटकन होते. साडेतीनमध्ये दातावरची बारीक रेघही दिसते, पण डोकं जरा हललं की चित्र पळतं. सीनियर्स म्हणायचे अडीचच घे. माझं मन साडेतीनवर होतं. शेवटी कंपनीचा माणूस म्हणाला, "दोन्ही घरी न्या मॅडम, सोमवारी परत द्या." आणि त्याने घाईघाईत बॅगेतून दोन डबे काढून दिले.

रविवारी दुपारी बाबांना अंगणात उन्हाकडे तोंड करून खुर्चीत बसवलं. आधी अडीचचे लावले. दात मोठे, स्वच्छ. जीभ गुलाबी. मग दुसरा डबा उघडला, लूप्स लावले, गॉजच्या पट्टीने जीभ धरून डावीकडून बाहेर ओढली...

मागच्या दाढेजवळ, जिभेच्या कडेवर लाल डाग होता. काठ पांढरा आणि उचललेला, मध्ये खोलगट. पुस्तकातला तो फोटो आम्हाला पाठ होता.

मी लूप्स काढले. जीभ गुलाबी. परत लावले. डाग. अडीचचे लावले. काही नाही. मी परत जीभ ओढली तशी बाबांनी ती सोडवून घेतली.

"काय शोधून राह्यली वं? सोनं पुरलं हाय का तिथं?"

"काही टोचतं का बाबा? जळजळ होते? तिखट लागतं?"

"काहीच नाई. काऊन?"

मी आईला हाक मारली, लूप्स तिच्या डोळ्यांवर चढवले. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"मले तं काही दिसत नाई. अन् मोठंही दिसत नाई बाई यातून. जसं हाय तसंच दिसते."

मला वाटलं, तिला बघता येत नाहीये. मी स्वतः त्या डागाशिवाय दुसरं काही पाहिलंच नव्हतं. प्रत्येकाच्या डोळ्यांतलं अंतर वेगळं असतं, असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी बाबांना हट्टाने कॉलेजला घेऊन गेले. आमच्या विभागप्रमुखांनी तपासलं. बोटाने चाचपलं, मोठा लाइट टाकून पाहिलं, त्यांच्या स्वतःच्या भारीच्या लूप्समधून पाहिलं. काही नाही. इथपर्यंत त्यांची चूक नव्हती, नसलेल्या जखमेचा तुकडा कोण काढून तपासायला देईल? पण त्यांनी पोस्टिंगला असलेली सगळी पोरं खुर्चीभोवती गोळा केली.

"या, बघा. पेशंटला कसलंही व्यसन नाही, जीभ लहान मुलासारखी आहे, आणि आमच्या मॅडमना कॅन्सर दिसतोय. मॅडम, तुम्हाला लूप्स घ्यायचेत की ज्योतिषाचं दुकान टाकायचंय?"

पोरं हसली. एकेकाने वाकून बाबांच्या तोंडात पाहिलं. बाबा तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

 स्टेशनवर गाडीत चढताना बाबा म्हणाले, "माह्या तोंडाची प्रदर्शनी मांडली तू. आता पुन्हा पाह्याचं नाई."

त्यांना गाडीत बसवून मी कॉलेजला परतले आणि लूप्सचे डबे द्यायला गेले. कंपनीच्या माणसाने दुसरा डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "सॉरी मॅडम, हा डमी गेला तुमच्याकडे. फ्रेम नाकावर कशी बसते ते दाखवायला ठेवतो आम्ही. यात लेन्स नाहीत, साधी काच आहे." मी त्यातून स्वतःचा तळहात पाहिला. तळहात तेवढाच होता.

हे मी कुणाला सांगणार होते? त्या दिवशी आधीच पुरेसं हसं झालं होतं.

बाबांनी शब्द पाळला. मी घरी गेले की ते माझ्याशी बोलताना हात तोंडाजवळ धरायचे. दाताचा विषय निघाला की उठून जायचे. दिवाळीला फराळाचं ताट त्यांनी तसंच सारलं, "पोट भरलं" म्हणाले. आम्ही खरं धरलं. नंतर कळलं, पावसाळ्यातच तोंड जळायला लागलं होतं. ओळखीच्या डॉक्टरने दाढ घासते म्हणून गोळ्या दिल्या होत्या, आणि त्यांनी आईला बजावलं होतं, "रेणूले सांगू नको. पुन्हा त्या खुर्चीत बसवीन थे मले."

मार्चमध्ये आईचा फोन आला. "भाकर गिळता येऊन नाई राह्यली त्याह्यले. तू ये."

या वेळी लूप्स लागले नाहीत. दारातल्या उजेडात त्यांनी तोंड उघडलं आणि डाग दिसला. डावी कड, मागची दाढ, पांढरा उचललेला काठ. तोच. फक्त आता तो सगळ्यांना दिसत होता.

ऑपरेशनमध्ये अर्धी जीभ गेली. मानेतल्या गाठीही काढल्या. बाबा वाचले. विभागप्रमुखांना भेटले तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तेव्हा तुम्ही फॉलो-अपला का नाही आणलंत? पाठपुरावा महत्त्वाचा असतो." मी "हो सर" म्हणाले. मला त्यांच्याकडूनच पास व्हायचं होतं.

आणि गल्लीतले लोक! भेटायला येऊन चहा प्यायचे आणि फाटकाबाहेर गेले की, "गुरुजी चोरून खात असतीन. उगीच होते का?" हे आईने ऐकलं. बाबांनीही ऐकलं. आता उत्तर द्यायला त्यांच्याकडे वाक्य नव्हतं. जे बोलतात ते आम्हा दोघींनाच कळतं. निवृत्त झाले तेव्हा शाळेने ठेवलेल्या निरोप समारंभाला ते गेलेच नाहीत.

मी पुढे अडीचचेच लूप्स घेतले. रोज वापरते. त्यांतून जे असतं तेच दिसतं.

त्या दुपारी साध्या काचेतून मला काय दिसलं, हे मला आजही माहीत नाही. भास म्हणावा तर जागा आणि आकार इतका तंतोतंत कसा? कुणी इशारा दिला म्हणावा, तर हा कसला इशारा? मला काही दिसलंच नसतं, तर बाबा त्या खुर्चीत बसले नसते, आणि तोंड जळायला लागल्यावर पहिल्यांदा माझ्याकडेच आले असते. वेळेत आले असते. ज्याने कुणी दाखवलं, त्याने दाखवून आमचं वाटोळं केलं.

गेल्या महिन्यात हिय्या करून बाबांना ही साध्या काचेची गोष्ट सांगितली. म्हटलं, मी याचं कारण शोधतेय, वाचतेय, लोकांना विचारतेय. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले,

"कारण सापडलं तं जीभ वापस येईन काय?"