आत रात्र आहे

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्जुनी मोरगावच्या बसस्थानकावर होतो. एसटीत कंडक्टर आहे मी. गाडी भरलेली होती. घंटी मारली, फेरी पुरी केली आणि डेपोत येऊन मग ढसाढसा रडलो. याला दीड महिना झाला. धाकटी बहीण माझी, कर्करोगाने नेली... पण हातातलं काम अर्धवट टाकलेलं तिला कधी खपलं नाही, म्हणून मीही टाकलं नाही.

बाबूजींना, आमच्या वडलांना, लकवा मारला ते १९९९ साल. धानाच्या बांधीत रोवणी चालू होती. तिथून नागपूरला पोचेपर्यंत दिवस गेला. रक्त अडलं तेवढ्या वेळात मेंदूतल्या पेशी मेल्या, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळे देवाला जाब विचारत होतो आणि अकरावीतली कुंदा डॉक्टरला. "काऊन मेल्या? वाचवता नसत्या आल्या का?" पुढे नागपुरात तिनं पीएचडीला हाच प्रश्न धरला. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होतं. रक्त कमी पडल्यावर तेच औषध म्हणून दिलं तर पेशी वाचतात का, हे ती उंदरांवर तपासत होती.

उंदरांच्या खोलीत दिवसरात्र उलटी फिरवलेली, भर दुपारी मिट्ट काळोख. मला काय ठाऊक! आईनं दिलेला चकल्यांचा डबा घेऊन गेलो. दारावरची इंग्रजी पाटी वाचता येईना. दार ढकललं. वाटलं, बिचारी अंधारात काम करून राहिली, आणि बटन दाबलं.

"भाऊ!" कुंदा मागून किंचाळली. "लाइट कायले लावला?"

उजेड पडला की ते द्रव्य आटतं म्हणे. आठ महिन्यांचं काम होतं ते. एका मिनिटानं काय होतं, कोणाला कळणार आहे, असं तिचे सर म्हणाले. "मले कळलं ना, सर," कुंदा म्हणाली. सगळं बाद करून तिनं पहिल्यापासून सुरू केलं. रडत रडत चकल्या मात्र संपवल्या. मी वर्षभर तिला तोंड दाखवलं नाही.

दुसऱ्या खेपेला औषध दिलेल्या उंदरांत जास्त पेशी जगलेल्या दिसल्या. पेढे घेऊन गावी आली. बाबूजींनी वाकडा हात पुढे केला. "आता मायावाला हात नीट होईन का वं?" दुसरी कोणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. कुंदानं तो हात मांडीवर घेतला. "नाही, बाबूजी. हे उंदरांत दिसलं, माणसांत पाहायचं बाकी आहे. अन् मेलेल्या पेशी परत नाही येत." बाबूजी उठले आणि काठी टेकत गावभर सांगत सुटले, "मायी पोरगी मलेसुद्धा खोटं बोलली नाही!" अशी बहीण मिळायला नशीब लागतं, आणि ते माझं होतं.

पुढे ती नागपुरातच शिकवू लागली होती. परवा प्रयोगशाळेतलं तिचं सामान आणायला गेलो. तिच्या विद्यार्थ्यांनी चष्मा दिला, वह्या दिल्या. दारावरची मराठी पाटी तेवढी दिली नाही. माझ्या पराक्रमानंतर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली: 'आत रात्र आहे.' कुंदाच्या कपाटाची किल्ली आत काम करणाऱ्या मुलीपाशी होती. ती चारला बाहेर येणार होती. "आवाज देऊ का, काका?" एकानं विचारलं.

"खबरदार!" मी म्हणालो.

बाहेर दुपारचे बारा वाजले होते. आतली रात्र सरेपर्यंत मी बाकावर बसून राहिलो. परतीची गाडी सुटली. जन्मात पहिल्यांदा सुटू दिली.