कानबाईच्या अंगावरचं कापड

"उतार. मारी डिझाइन छे आ."

शेठ गाडीतून खालीही उतरला नाही. काच खाली करून एवढंच बोलला. सुरतेत पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीतून कानबाई विसर्जनाला निघाली होती. देवीचा पाट आईच्या डोक्यावर, पुढे वाजंत्री, मागे सगळी खान्देशी माणसं. आणि माझा बाप देवीच्या अंगावरचं कापड सोडवायला लागला.

बाप शेठच्या मिलमध्ये साड्यांवर छापायच्या वेलबुट्ट्या काढायचा. ही वेल त्याने घरी बसून काढली होती. तिचा पहिला छापा एका टाकाऊ तुकड्यावर घेतला आणि तो तुकडा देवीला नेसवला. आमच्याकडे रीतच तशी. हातून नवं काही उतरलं की श्रावणात पहिलं कापड कानबाईला.

बाप म्हणाला, "शेठ, देवी का है."

"तारो हाथ पण मारो छे." तुझा हातसुद्धा माझाच, म्हणे.

डोक्यावर पाट, आईला मान वळवता येईना. तिने समोर बघतच विचारलं, "काय करी ऱ्हायनात तुम्ही?" बापाने कापडाची नीट घडी केली, काचेतून आत दिली आणि उघड्या देवीवर आपलं उपरणं टाकलं. दुसऱ्या दिवशी चोर म्हणून त्याला मिलच्या गेटवरूनच हाकलला.

नव्वदच्या सुमाराची ही गोष्ट. मी बारावीत होते. मला रडू आलं नाही. मला ती काच फोडायची होती. शेजारच्या काकूंनी मनगट धरून ठेवलं.

वकील झाले ती त्या काचेसाठी. लोक विचारायचे, बाई माणूस, डिझाइन आणि ट्रेडमार्कची भांडणं कशाला घेतेस? मी नुसती हसायची.

दशक संपत आलं तेव्हा शेठने गोडादऱ्यातल्या एका लहान साडी छापणाऱ्यावर दावा लावला. आपलं नोंदवलेलं डिझाइन चोरलं म्हणून. कागद उघडले तर बापाचीच वेल. शेठने ती त्या मिरवणुकीनंतर स्वतःच्या नावावर नोंदवली होती. मी त्या लहान माणसाचं वकीलपत्र घेतलं. कायदा सरळ होता. लोकांनी आधीच उघड पाहिलेलं डिझाइन नवं म्हणून नोंदवता येत नाही.

शेठने मला ओळखलं नाही. कशाला ओळखेल?

उलटतपासणीत मी विचारलं, "नोंदणीच्या आधी हे कापड मिलबाहेर गेलं होतं?"

"एक चोर लई गयो तो. में भर रस्तामां उतरावी लीधुं." छाती काढून बोलला तो.

"किती लोकांसमोर?"

"आखी शेरी जोती हती." सगळी गल्ली बघत होती.

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. माझ्या बापाचा भर रस्त्यात केलेला अपमान शेठने स्वतःच्या तोंडाने पुराव्यात दिला होता. दावा फेटाळला गेला. मला आनंद झाला, आणि तो पुरला नाही.

आठवड्याने शेठचा माणूस घरी आला. "बेन, बाकीचं आपसात मिटवून टाकू." बापाने त्याला खुर्ची दिली. मी ती काढून घेतली.

कारण बाकी बरंच आहे. पहिलं कापड कानबाईला द्यायची रीत काही एकट्या आमच्या घरची नाही. शेठसाठी डिझाइन काढणारी गल्लीत आणखी घरं आहेत, आणि त्यांचीही डिझाइनं त्याने स्वतःच्या नावावर नोंदवली आहेत. मी घरोघर जाऊन बायकांना विचारते आहे, कोणत्या श्रावणात देवीला काय नेसवलं होतं. त्यांना सगळं आठवतं. त्याच्या नावावरची एकेक नोंदणी मी रद्द करायला लावणार आहे. आणि दर वेळी त्याला पिंजऱ्यात उभं करून तेच विचारणार आहे, किती लोकांसमोर?