भंडारा उचलायला मी नकार दिला

"काय पावणं, कुठल्या गावचं तुमी?"

सरपंचांनी मला विचारलं. भर चावडीत, माझ्याच गावात. आमच्या वॉर्डातून मी निवडणूक लढवणार आहे, एवढंच मी म्हणालो होतो. चावडी खदाखदा हसली.

"गावचा असतास तर रीत ठावं असती की! बस तिकडं, चपलांजवळ."

मी बसलो नाही. पंचायतीच्या समारंभांत हल्ली सांगतात, की त्या तरुणाने थोरांचा मान राखून आधी माघार घेतली आणि नंतर त्याला कुणीतरी फितवलं. साफ खोटं. मी तिथे होतो. सांगणारे तेव्हा जन्मलेही नव्हते.

रीत अशी होती. सत्तरच्या दशकातही कागलजवळच्या आमच्या गावात पंचायतीसाठी मतदान म्हणून होत नसे. उमेदवार कोण, हे गावातली चार वजनदार घरं ठरवत. बाकीच्यांनी ताटातला भंडारा, म्हणजे बिरोबाची हळद, चिमटीत उचलून शपथ घ्यायची, की आम्ही अर्ज भरणार नाही. याला बिनविरोध म्हणत आणि त्याचं कौतुक कोल्हापूरपर्यंत होई. आम्हा तरुणांना काम एकच. गुलाल उधळायचा.

ताट माझ्यापुढे आलं. मी हात मागे घेतला.

"कालेज डोस्क्यात गेलंय ह्याच्या," कुणीतरी म्हणालं. सरपंच माझ्या वडिलांकडे वळले. वडील त्यांच्याच शेतावर राबत.

"तूच शिकिवलास न्हवं? आता तूच उचल, ह्याच्या वतीनं."

वडील ताटाजवळ आले. त्यांनी भंडारा उचलला.

"पोरगं उभं ऱ्हाणार न्हाय, आबा. घेतली शपथ."

बापाची शपथ मोडली की घर बुडतं, असं गाव मानत असे. वडीलही मानत. हे ठाऊक असून मी म्हणालो, "शपथ माझ्या बाची हाय. मत माझं हाय."

तालमीतली पोरं माझ्यामागे खंबीर उभी राहिली, असं माझी बाजू घेणारे लिहितात. तेही खोटं. एकही उभा राहिला नाही. जिवलग मित्र बाहेर येऊन पुटपुटला, "तुझं खरं हाय रं. पर आमास्नी हितंच जगायचं हाय."

मी अर्ज भरला. त्याच दिवशी वडील वळकटी घेऊन कोडोलीला आत्याकडे निघून गेले. मतदानाला आले नाहीत. नंतरही आले नाहीत. शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसलो, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांना काय सांगायचं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

माझ्या त्या एका अर्जामुळे पंचायतीसाठी गावात प्रथमच मतपेटी आली. मी पडलो. दारुण पडलो. तरीही सरपंचांना त्या वर्षी आमच्या वस्तीत पहिल्यांदा मत मागायला यावं लागलं. चपलांजवळच्या माणसांपुढे हात जोडावे लागले. ज्या गावातली तरणी पोरं अर्ज भरत नाहीत, तिथे राज्यकर्त्याला कुणापुढेच हात जोडावे लागत नाहीत. मग लोकशाही म्हणजे चार घरांच्या दिवाणखान्यातल्या गप्पा उरतात.

तेव्हापासून दर निवडणुकीत मी अर्ज भरतो आणि दर वेळी पडतो. यंदा पुन्हा बिनविरोधची कुजबुज आहे. पोरं मोटारसायकलींना झेंडे बांधून तयार आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने अर्ज भरला, तर मी माझा भरणार नाही आणि त्यांच्यासाठी दारोदार हिंडेन. कुणीच भरला नाही, तर मी भरणार. मी जिवंत असेतो या गावाला मत द्यावंच लागेल.