मोनूच्या नावाची काच

हिरालाल टॉकीजच्या माडीवरच्या खोलीत काचेवर काजळी धरत होता, तेव्हा मागून कुणीतरी त्याच्या मानेत गुप्तीचं टोक रुतवलं. रक्ताचा बारीक ओघळ सदऱ्याच्या आत उतरला.

"हिलना मत, पेंटर," शामसुंदर म्हणाला. "एक नाम लिखना है।"

शामसुंदर रूपकिरण टॉकीजच्या खिडकीसमोर ब्लॅकनं तिकिटं विकायचा. त्याचा वरचा ओठ सुजून लटकत होता आणि समोरचा एक दात अर्धा होता. तो कसा तुटला ते भिलाईच्या सगळ्या पॉवर हाउस वस्तीला ठाऊक होतं. परवा बायकांच्या रांगेत त्यानं टीनाच्या कमरेला हात घातला. टीनाच्या भावानं, मोनूनं, कमरेचा पट्टा काढला आणि बकलानं त्याचं तोंड फोडलं. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. दातापेक्षा त्या टाळ्याच शामसुंदरला जास्त ठणकत होत्या.

आज मोनू आत हॉलमध्ये बसला होता. छत्तीसगढ राज्य नवंनवं होतं आणि छत्तीसगढी सिनेमाचं सगळ्यांनाच वेड लागलं होतं. उतईकडच्या खेड्यांतली माणसं ट्रॅक्टर भरभरून आली होती. त्या गर्दीत मोनूला शोधून ओढून काढणं शक्य नव्हतं. त्याला आपल्या पायांनी बाहेर आणायचं, तर एकच वाट होती, आणि ती हिरालालच्या हातात होती.

हिरालाल पोलादाच्या प्लांटमध्ये लागायचं म्हणून आमगावकडून भिलाईला आला होता. नोकरी लागली नाही. टॉकीजचे फलक रंगवायला त्यानं ब्रश धरला आणि त्यातच त्याचे केस पांढरे झाले. फलकांखेरीज तो स्लाइडी लिहायचा. काच काळी करायची, सुईनं त्यावर अक्षरं कोरायची आणि उलटी करून प्रोजेक्टरच्या ऑपरेटरला द्यायची. प्लांटच्या कोक ओव्हन खात्यातल्या अमक्याला ड्यूटीवर बोलावलं आहे. तमक्याची आई सेक्टर नऊच्या दवाखान्यात आहे. पडद्यावर नावाची काच आली की सगळा हॉल गप्प व्हायचा. मग एक सावली उठायची आणि लोकांच्या गुडघ्यांना ठेचकाळत दाराकडे निघायची. मोबाइल आले होते, पण ते साहेब लोकांच्या खिशात. हिरालालच्या काचेनं आजवर माणसांना वाईट बातमीकडे पाठवलं होतं. मरायला कुणाला पाठवलं नव्हतं.

मोनूला तर त्यानं मांडीवर खेळवलं होतं. मोनूचा बाप हेमराज त्याच्याच गावचा. हिरालालचं बायकापोरांचं घर झालंच नाही. दिवाळीदसऱ्याचं त्याचं ताट सेक्टर दहामध्ये हेमराजकडेच असायचं.

"बच्चा है वो, शाम भैया," हिरालाल म्हणाला. "जाने दो न।"

उत्तर म्हणून शामसुंदरनं त्याचं डोकं धरून टेबलावर आपटलं. भुवई फुटली. रंगाचे डबे खाली पडले.

"लिख। लड़की का नाम डाल, साला दौड़ा आएगा।"

"कौनसी लड़की?"

"कोई भी डाल बे।"

हॉलमधून खुर्च्या बडवल्याचा आवाज येत होता. वितरकानं दुर्ग आणि भिलाई दोन्हीकडे मिळून एकच प्रिंट दिली होती. तिकडे दुर्गला उत्तरार्ध चालून झाला की टॉकीजचा पोऱ्या चंपत त्याच्या रिळांच्या पेट्या लुनावर घालून इकडे आणायचा. आज लुना आली नव्हती. मध्यांतर लांबतच चाललं होतं आणि लोक चिडून पडद्यावर चपला फेकत होते.

हिरालालनं सुई उचलली. भुवईचं रक्त डोळ्यात उतरत होतं. त्याला एकाएकी एक शब्द सुचला आणि त्यानं तो कोरला: मोनू, सायकल स्टँडवर शिक्षा उभी आहे.

शामसुंदरनं काच उजेडात धरली. "शिक्षा! बढ़िया नाम है। ये आहे-वाहे क्या लिखा?"

"मराठी है। घर की लड़की घर की बोली में ही बुलाएगी।"

शामसुंदर फुटक्या ओठानं हसला. त्याच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं, आणि तसल्या नावाच्या पोरी गल्लोगल्ली होत्या. मराठी पोराला मात्र शब्दाचा अर्थ कळेल, तो जागचा हलणार नाही, हा हिरालालचा हिशेब होता. शामसुंदर त्याला प्रोजेक्टरच्या केबिनपर्यंत ढकलत घेऊन गेला, काच ऑपरेटरच्या हातात पडलेली पाहिली आणि खाली सायकल स्टँडकडे गेला.

काच पडद्यावर लागली. मग शिट्ट्यांचा पाऊस पडला.

"जा बे मोनू! भाभी खड़ी है!"

हिरालाल केबिनच्या झरोक्यातून खाली बघत होता. बाल्कनीच्या तिसऱ्या ओळीतून मोनू उठला. त्यानं खिशातून कंगवा काढला, केस बसवले आणि दोस्ताच्या डोक्यात टपली मारून तो दाराकडे निघाला.

तेव्हा हिरालालला आपली चूक कळली. पोरगं हिंदी शाळेत शिकलेलं. मराठी त्याला आईच्या तोंडून ऐकून जेवढी येते तेवढीच. आणि त्याच्या आईनं, सिंधुताईनं, उभ्या जन्मात कधी शिक्षा हा शब्द वापरला नव्हता. ती म्हणायची, मार भेटन. मास्तरांच्या मराठीतला शब्द त्यानं चुलीपाशी मराठी शिकलेल्या पोराला पाठवला होता.

तो जिन्यावरून धडपडत उतरला. शेवटच्या पायऱ्या तर कोसळतच खाली आला आणि बाजूच्या दाराशी मोनूची कॉलर त्याच्या हाती लागली.

"कोठी चालला बे?"

"काका, शिक्षा कोन हाय? आपल्या सेक्टरची हाय का? आन तुमाले हे रक्त कायचं?"

"अरे येड्या, शिक्षा म्हंजे मार! पळ मांगं!"

तेवढ्यात दार लाथेनं उघडलं. शामसुंदर होता, आणि त्याच्या मागे सायकलची साखळी हाताला गुंडाळलेले दोघे. पहिली साखळी मोनूच्या खांद्यावर बसली, दुसरी कानावर. मोनू भिंतीला आपटला, त्यानं उलटून एकाच्या पोटात डोकं घातलं, आणि दोघेही जमिनीवर लोळायला लागले. शामसुंदरनं गुप्ती उचलली ती मोनूच्या पाठीवर नेम धरून. हिरालालनं मध्ये हात घातला. पातं तळहातातून आरपार गेलं. त्याला आधी दुखलं नाही, नुसतं गार लागलं. मग हाताला असा आगडोंब उठला की तो जनावरासारखा ओरडला.

शामसुंदर पातं ओढत होता, ते हाडात अडकलं होतं. त्याच वेळी उघड्या दारातून चंपत आत आला, दोन्ही हातांत रिळांच्या पत्र्याच्या पेट्या घेऊन.

"अबे! हे काय चालू हाय?"

हिरालालनं डाव्या हातानं त्याच्या हातातली पेटी हिसकली आणि होती नव्हती ती ताकद लावून शामसुंदरच्या तोंडावर घातली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शामसुंदर खाली बसला. गुप्ती हातातून निघून खडखडत दूर गेली. पेटीचं झाकण उडालं, रिळं घरंगळली आणि फिल्मची भेंडोळी रक्तात लोळली.

मध्यांतराला कंटाळलेली माणसं आता हॉलचं दार ढकलून बाहेर आली. त्यांना मोनू दिसला नाही, हिरालालचा हात दिसला नाही. त्यांना फक्त आपला सिनेमा जमिनीवर पडलेला दिसला, आणि त्यात पाय गुंतलेला शामसुंदर.

"हमर फिलिम ला बिगाड़ दिस! मारव साले ला!"

मग लाथा सुरू झाल्या. शामसुंदरचे दोघे पहिल्याच धक्क्याला पळाले. तो एकटा राहिला. त्याच्या बरगड्यांवर, मांड्यांवर, तोंडावर पाय पडत होते. आधी तो शिव्या देत होता, मग आईला हाक मारायला लागला, मग नुसताच कण्हत राहिला.

मोनू उठला. त्याचा कान फाटला होता. त्यानं गुप्ती उचलली आणि गर्दीत शिरला.

हिरालालनं त्याला मागून कव घातली.

"सोडा, काका! आता याले ठेवत नाही!"

"तू मारला त फाशी तुले. हे लोक ट्रॅक्टरवर बसून घरी जातीन."

"टीनाले हात लावला त्यानं!"

"लावला. तू त्याचं तोंड फोडलं. झालं थे."

मोनू ऐकेना. तो कोपरं मारत सुटायला बघत होता. हिरालालनं त्याला फिरवलं आणि त्या भोक पडलेल्या उजव्या हातानंच त्याच्या थोबाडीत हाणली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मोनूचं तोंड काकाच्या रक्तानं भरलं. त्याच्या मुठीतली गुप्ती सुटली. हिरालालनं ती पायानं नालीत लोटली आणि त्याला बखोटीला धरून फाटकाबाहेर काढलं.

तिघे चंपतच्या लुनावर निघाले. दवाखाना रस्त्यातच होता. चंपतनं लुना तिकडे वळवायला बघितली, तर हिरालाल मागून ओरडला, "आधी याले घरी टाक!"

सेक्टर दहामध्ये सिंधुताईनं दार उघडलं. समोर दोघेही डोक्यापासून लाल. तिनं चौकट धरली.

"कोनाचं रक्त हाय, भाऊजी?"

"माह्यं हाय, वहिनी. त्याचा फक्त कान फाटला."

सिंधुताईनं दारामागचा झाडू घेतला आणि मोनूच्या पाठीवर सपासप ओढला, काडी काडी होईपर्यंत. मोनू हलला नाही. मग तिनं झाडू टाकला, लुगड्याचा पदर दातानं फाडला आणि हिरालालच्या हाताला करकचून बांधायला लागली.