लाल दगडाखालची बारा अंडी

देवीदासला गाव ‘कासवाचा बाप’ म्हणे, आणि तेही पाठीमागे नाही, तोंडावर. गोंदियाकडचं, चोरखमाऱ्याच्या बाजूचं लहानसं गाव, गावाला तलाव, तलावाला मातीची पाळ, आणि त्या पाळीवर सकाळ-संध्याकाळ मान खाली घालून फिरणारा हा पन्नाशीचा माणूस. बायकोचा झुमका हरवला असावा असं वाटायचं. पार्वताबाईनं आयुष्यात झुमका घातला नव्हता, याची खात्री मात्र आजूबाजूच्या बायकांनी केव्हाच करून घेतली होती.

नागझिऱ्याच्या जंगलात तो दहा वर्षं कामाला होता. कासव कुजलं-मेलं खाऊन पाणी राखतं, हे त्याला तिथं कळलं. त्याच्या लहानपणी तलावात पाय टाकला की कासव लागायचं. आता वर्षाकाठी पाच-सहा दिसत. बाकीची कुठं गेली हे विचारायची सोय नव्हती. निम्म्या गावाच्या ताटातून गेली होती, आणि देवीदासच्याही. तेच त्याला टोचत होतं.

२००७ च्या दिवाळीत त्यानं कासव समिती काढली. चहा-चिवड्याला अकरा जण आले. पाळीवर राखणीला पहिल्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी देवीदास आणि एक कुत्रं, आणि त्या कुत्र्याचा हेतू काही चांगला नव्हता.

कासवीण दिवाळीच्या सुमाराला पाळीत खड्डा करून अंडी पुरते. पिल्लं निघतात थेट पुढच्या पावसाला. तेवढे सात-आठ महिने त्या जागी कोणी खोदू नये, एवढंच मागणं. पण कोणाला चुलीला माती हवी, कोणाला बैलाचा खुंटा गाडायचा. पाच खड्डे असेच उकरले गेले. उरला एक. त्यात बारा अंडी होती. घालताना देवीदासनं आडोशाला बसून मोजली होती.

मग त्यानं डोकं चालवलं. जंगलाच्या फाटकावर धोक्याचे दगड लाल रंगवतात. घरी तेल-रंगाचा डबा उरला होता. एक धोंडा लाल करून त्यानं खड्ड्याशेजारी ठेवला आणि निर्धास्त घरी आला.

गावाला लाल धोंड्याचा अर्थ एकच ठाऊक. दोन दिवसांत त्यावर झेंडूचं फूल. वाहिलं होतं दुलारीबाईनं, म्हणजे मोठ्या शेतकरी धनलालच्या आईनं.

“काकी, तो देव नाई. खाली अंडी हायेत कासवाची.”

“मंग? अंड्यात देव राहत नाई का?”

“रंग हाये वो तो! डब्यातला!”

“त्याच्या मनात असलं तं तो डब्यातूनही येते. तू कायले भेते? तुले कोणी पाया पड म्हणते का?”

पण इकडे बौद्ध विहारात त्याला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, “बापानं छप्पन साली देव सोडले, आन तू पाळीवर नवा काढला?” देवीदास रॉकेलचं फडकं घेऊन गेला, धोंडा घासून पांढरा केला. सकाळी त्यावर खरा शेंदूर होता.

त्यानं दात-ओठ खाल्ले आणि शेंदूर तसाच राहू दिला. कारण एक गोष्ट खरी होती : तिथं आता कोणी खोदत नव्हतं.

मे महिन्यात तो सोयरिकीतल्या लग्नाला दोन दिवस दवनीवाड्याला गेला. परत येतो तर धोंड्याभोवती सिमेंटचा चार फुटी ओटा! धनलालच्या मुलीचं जमलं होतं, त्यानं नवस फेडला होता. धोंड्यापुढं गोंदियाहून आणलेलं संगमरवराचं कासव बसवलं होतं. देवापुढं कासव लागतंच. देवीदास त्या कासवाकडे एकदा पाहून तडक धनलालकडे गेला.

“धनलालभाऊ, फोडा हे. पाऊस येऊन राहिला. पिल्लं निघतीन कुठून?”

“पोरगी नांदाले जाऊन राहिली, आन तू अभद्र काऊन बोलून राहिला गा?”

तोड दुलारीबाईनंच सुचवली. “म्हण ना, सपनात आला आन बोलला, मले मोकळं करा. उद्या फोडतीन.”

“मले नाई पडलं सपन.”

“कोणाले पडते? म्हणाचं असते!”

देवीदासला ते म्हणवेना. पार्वताबाई वैतागली. “म्हटलं तं विहारात तोंड दाखवाले जागा नाई, नाई म्हटलं तं पिल्लं मेली. तुमच्यापरीस कासव बरं जी, मान आत तं घेते!”

शेवटी एका भर दुपारी तो खुरपं घेऊन गेला. पाण्याच्या बाजूच्या उतारावर पालथा पडला आणि ओट्याखाली आडवं भोक पाडू लागला. खांद्यापर्यंत हात आत, गाल मातीला.

“अवो, पाहा वो! देवीदास साष्टांग घालून राहिला!”

पाण्याला आलेल्या बायका थबकल्या. उठून खरं सांगावं, तर ओट्याखालचं भोक दिसेल, आणि धनलाल ते सिमेंटनं बुजवील. देवीदास तसाच पडून राहिला. बायकांनी हात जोडले. बातमी विहारात पोचली, तेव्हा त्याची बोटं कुठं अंड्यांना लागत होती.

सिमेंटवाल्यांनी माती ठोकताना सात फुटली होती. पाच शाबूत. ती जागीच ठेवून त्यानं वाट मोकळी केली. मृगाच्या सरीत चिखल माखलेली पाच पिल्लं त्या भोकातून निघाली आणि पाण्यात गेली. पाहायला पार्वताबाई आली होती. समिती नव्हती.

दिवाळीत तो परत पाळीवर गेला. तीच कासवीण काठाशी घुटमळत होती. उतारावर तीन बाया ओळीनं पालथ्या निजल्या होत्या, चौथी पदर खोचत होती. रोजच्या लोटांगणांनी तिथली माती घोटून ओट्यासारखीच टणक झाली होती. कासविणीचं नखही रुतेना.

“उठा वो! पाण्याकडून कोणी पाया पडते का?”

दुलारीबाईनं गाल मातीवरच ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

“तूच तं दाखवलं गा, इथं कसं निजाचं ते.”