मापाबाहेरचं तेल

माझ्या दिराला गाड्यांतलं सगळं कळतं, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो सुपरवायझर होता, एवढ्यावरच. गाडी माझी होती. शाळेतल्या पगारातून घेतलेली, जुनी, पण माझी. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत गाडी चालवणारी बाई मी एकटीच होते, आणि महिन्यातून एकदा चंदगडला आईकडे जाऊन यायचे.

त्या खेपेला आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोल्हापुरात आणायचं होतं. दवाखान्याची तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती. आदल्या संध्याकाळी मी वह्या तपासत बसले असताना दिरानं बॉनेट उघडून इंजिनात ऑइलचा अख्खा डबा ओतला. मला विचारलं नाही. तेल मोजायची पट्टी काढून आधी किती तेल आहे तेही पाहिलं नाही. नंतर आत येऊन म्हणाला, "वैनी, तेल भरलंय. लांब जायचं हाय, जरा जास्तच असू दे की." मी विश्वास ठेवला. त्याबद्दल मला आजही स्वतःचाच राग येतो.

कागल सोडलं तेव्हा आरशात मागे निळसर धूर दिसायला लागला. जळक्या तेलाचा वास गाडीत भरला. गडहिंग्लजच्या पुढं चढावर ऑइलचा लाल दिवा लागला आणि इंजिनातून ठोके ऐकू आले. मी त्याच क्षणी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं वर्षानुवर्षं वेगळंच सांगितलं गेलं.

चालत मागे जाऊन एका गॅरेजवाल्याला घेऊन आले. वयस्कर माणूस. त्यानं पट्टी पुसून आत घातली, बाहेर काढली आणि माझ्यापुढं धरली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं, त्यात बुडबुडे होते.

"बाई, हे कुणी घातलं?"

मी सांगितलं.

"तेल कमी पडलं की इंजिन जातंय, हे समद्यांस्नी म्हाईत हाय. जास्त झालं तरी जातंय. खालचा फिरता दांडा, क्रँक, तेलात आपटतोय, ताकागत फेस हुतोय. फेस काय पंपानं वर चढत न्हाय. मग बेअरिंग कोरडी फिरत्यात." सीलमधून गळून खाली सांडलेलं तेलही त्यानं दाखवलं.

गाडी त्याच्याकडं सोडून मी एसटीनं चंदगड गाठलं. आई पिशवी भरून सकाळपासून ओट्यावर बसली होती. परतीची गाडी चुकली, तारीख गेली. पुढची मिळेपर्यंत दोन महिने ती भिंतीला हात लावून घरात फिरली. त्यात एकदा न्हाणीघरात पडली आणि मनगट मोडून घेतलं.

मी घरी परतले तोवर दिरानं निकाल देऊन टाकला होता: वैनी चढाला गिअर बदलत नाहीत, इंजिन रगडतात. मी पट्टीचं, फेसाचं, सीलचं सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, तो गॅरेजवाला खेडवळ, त्याला काय कळतंय. नवऱ्याकडं पाहिलं, तर ते वर्तमानपत्र बाजूला न करता म्हणाले, "चांगल्या मनानं केलं त्यानं. जाऊ दे."

मी जाऊ दिलं नाही. इंजिन नव्यानं बांधून गाडी परत आली, आणि तिची किल्ली त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये राहिली. रविवारी अंगणात बॉनेट उघडून मी स्वतः तेल बघू लागले. गाडी सपाटीवर, इंजिन थंड, पट्टी एकदा पुसून, दुसऱ्यांदा बघायची. दोन खुणांच्या मध्ये असलं की बास. पाच मिनिटांचं काम. एवढं त्या माणसाला जमलं नव्हतं.

पुढं पुतण्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यानं पुन्हा तोच किस्सा सुरू केला, वैनींनी इंजिन कसं घालवलं त्याचा. मी वाढता वाढता थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इंजिन तुम्ही घालवलंत, भाऊजी. माझ्या आईचं मनगटही."

सासूबाईंनी मला आत बोलावून, शुभकार्यात असं बोलतात का, म्हणून विचारलं. त्याला कुणीच काही विचारलं नाही.